सहीमागचा मजकूर

क्विन्स क्रीक, मेरीलँड
९ ऑगस्ट १८३६

प्रिय मोनिका,

बारा वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी कागदाची काळी कड शोधली असशील. कुणी गेलेलं नाही. आई गेली, पण त्याला दहा वर्षं झाली आणि ते मी तुला तेव्हा कळवलं नाही. मागच्याबद्दल आता क्षमा मागत बसले तर आगबोट चुकेल, म्हणून कामाचं आधी लिहिते.

माझ्या मामाची, जजसाहेबांची, एक सही मी तुला १८२४ साली पाठवली होती. तेव्हा जिकडेतिकडे थोरामोठ्यांच्या सह्या जमवण्याचं वेड पसरलं होतं आणि तूही आल्बम धरला होतास. जाड कार्डावर चिकटवलेली, खाली तारीख घातलेली. ती मला काही आठवड्यांसाठी परत हवी आहे. बाल्टिमोरचे एक गृहस्थ मामाचं चरित्र लिहिताहेत. त्यांना पहिल्या पानावर सहीचा ठसा छापायचा आहे. ज्या पत्रातून ती कापली ते बाकीचं पत्र माझ्याकडे आहे. तळाशी चौकोनी भोक आहे, छोट्या खिडकीसारखं.

त्यातला उतारा तुला आठवतो का? आमच्या शाळेतली मुलं चार जुलैला अजून तो म्हणतात. स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचून होतो, मग हा उतारा, मग मंडपात तेरा मूळ राज्यांच्या नावे तेरा प्याले आणि तेरा भाषणं. 'राज्य माणसांच्या चांगुलपणावर उभं करू नये. चांगुलपणा थकतो, आजारी पडतो, झोपी जातो. ज्याचा जो हक्क आहे तो त्याच्या हातात लेखी द्यावा, म्हणजे त्याला कुणाच्या दारात ताटकळावं लागणार नाही.' यंदा डॉक्टरांच्या धाकट्या मुलीने म्हटला. 'ताटकळावं'वर अडखळली आणि मीच मंडपातून शब्द पुरवला. पाठ मीच घेतला होता तिचा.

इकडचं बाकी ठीक आहे. मामाचा मुलगा क्लेमेंट, तुला तो गुबगुबीत पोर म्हणून आठवत असेल, आता चाळिशीला आला. त्याने मिसिसिपीत कापसाची जमीन घेतली आहे आणि नाताळाआधी घरची सगळी माणसं घेऊन तिकडे जायचं म्हणतो. आपली हेस्टरही जाणार, आणि तिची मुलगी फीबी. फीबी सतरा वर्षांची झाली, तिच्या हातची शिवण पाहशील तर आपल्या मठातल्या मदर सुपीरियरची आठवण येईल. म्हणजे बावन्नाव्या वर्षी मला चूल पेटवायला शिकावं लागणार.

कार्ड सप्टेंबरच्या मध्यापर्यंत मिळालं तर उपकार होतील.

तुझी
नेल

ता.क. कार्डावरून सही सोडवून पाहू नकोस, कागद नाजूक झाला असेल. मागे काही नाही.


क्विन्स क्रीक
२८ ऑगस्ट

प्रिय मोनिका,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. 'जिने ता.क. मध्ये मागे काही नाही असं लिहिलं, तिच्या कागदामागे काहीतरी आहे. खरं लिही, मग पाठवते.' तू तश्शीच राहिलीस. शनिवारी संध्याकाळी सिस्टर आपल्याला पापांची यादी करायला बसवत, तेव्हा तू दोन ओळी लिहून खिडकीबाहेर बघत बसायचीस आणि मी पानभर लिहायचे. सिस्टर मला शाबासकी द्यायच्या. तू एकदा कानात म्हणाली होतीस, 'नेल, तू बारीकसारीक पापं एवढ्यासाठी लिहितेस, की मोठ्याला जागाच राहू नये.'

बरं. कुणी चरित्र लिहीत नाहीये.

सहीच्या पाठीमागे मामाने हेस्टरबद्दल लिहिलं होतं. तुला त्याची पत्रं माहीत आहेत. कागद संपला की तो पत्त्याच्या पानावर, घडीच्या उरलेल्या पट्टीत मुंग्यांसारखं बारीक लिहायचा. हे पत्र १८१७ च्या डिसेंबरातलं, अनापोलिसहून आलेलं. पुढे फेब्रुवारीत तो तिथेच तापाने गेला, हेही तुला माहीत आहे. त्या पट्टीत त्याने लिहिलं होतं, की हेस्टरला या नाताळापासून मी मोकळं केलं आहे, दस्त कोर्टात नोंदवायचा राहिला तो परत आल्यावर करीन.

तो परत आला नाही. दस्त नोंदला गेला नाही. घर, जमीन, गुलाम माणसं क्लेमेंटकडे आली आणि हेस्टरही त्या यादीत राहिली. मामाने तिला आधीच आईच्या शुश्रूषेसाठी आमच्या घरी दिलं होतं, म्हणून ती माझ्याकडेच राहिली, एवढंच. फीबीचा जन्म १८१९ चा. म्हणजे हेस्टर १८१७ च्या नाताळाला मोकळी झाली असेल तर फीबी जन्मापासूनच मोकळी आहे, आणि दोघींना कुणालाही मिसिसिपीला नेता येत नाही. नसेल, तर दोघी जातात. आणि तिकडे गेलेलं माणूस परत आल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

हे मला गेल्या महिन्यात अचानक आठवलं. फीबीला सामान बांधायला सांगितलं त्या दिवशी.

मी गावातल्या वकिलांना भेटले, एझ्रा पॉवेल म्हणून आहेत, क्वेकर पंथाचे. आले ते डोक्यावरची टोपी न काढता, आणि पहिलंच वाक्य, 'एलिनॉर, तू उशीर केलास.' ते सगळ्यांनाच पूर्ण नावाने हाक मारतात आणि अरेतुरे करतात, गव्हर्नरलासुद्धा, त्यामुळे राग धरता येत नाही. त्यांचं म्हणणं, कायद्याने मुक्तीच्या दस्ताला दोन साक्षीदार लागतात आणि वेळेत नोंदणी लागते. पत्रातली ओळ म्हणजे दस्त नव्हे. पण खटला उभा राहिला की निकाल लागेपर्यंत माणसं राज्याबाहेर नेता येत नाहीत. आणि निकाल ज्यूरी देणार. ते म्हणाले, 'या परगण्यातल्या बारा शेतकऱ्यांपुढे तुझ्या मामाचं अक्षर ठेवलं, तर त्याच्या शब्दाला खोटं पाडायची छाती कुणाची होईल असं मला वाटत नाही. पण अक्षर आण.'

मी क्लेमेंटशीही बोलले. तो वाईट माणूस नाही, मोनिका. जेवण अर्धं टाकून उठला आणि म्हणाला, 'ताई, बाबांचा कागद असेल तर मी डोक्यावर घेईन. पण कागद दाखव. तुझ्या आठवणीवर मी दोन माणसं सोडायची म्हटलं, तर उद्या शेजारच्या बायकांना काय काय आठवेल.' त्याच्या बायकोने मला आणखी एक बिस्किट वाढलं.

आता पाठवशील ना?

नेल


क्विन्स क्रीक
२० सप्टेंबर

प्रिय मोनिका,

कार्ड चौदा तारखेला आलं. सोबत तू काही लिहिलं नव्हतंस, ते बरं केलंस.

काय झालं ते सांगते, आणि मग जे सांगायला हवं होतं तेही सांगते.

पॉवेल म्हणाले, साक्षीदाराशिवाय कार्डाला हात लावू नकोस, म्हणून दुपारी तेच येऊन स्वयंपाकघरात बसले, टोपीसकट. हेस्टरने किटली धरली. मी वाफेवर कार्ड धरून हस्तिदंती पट्टीने कडेकडेने सोडवू लागले. खळ सुटत नव्हती. नुसती कणकेची असती तर सुटली असती. मी तीत सुताराचा सरस मिसळला होता. मोनिका, सही चिकटवायला सरस कोण वापरतं? सहीला चार कोपऱ्यांत चार टिंबं पुरतात.

कागद वरून सुटला आणि पाठीचा पापुद्रा कार्डालाच राहिला. मी घाई केली तसा तोही चिंध्या होऊन निघाला. तीन शब्द वाचता आले. 'नाताळापासून'. 'दस्त'. 'सांग'. बाकी तपकिरी चिखल.

पॉवेलनी ते तीन शब्द भिंगातून बराच वेळ पाहिले. म्हणाले, 'यावर कोर्टात हसतील.' मग ना माझ्याकडे बघत, ना हेस्टरकडे, खिडकीकडे बघून म्हणाले, 'हे पूर्ण वाचलेलं कुणी जिवंत आहे का? गोरं माणूस हवं. हेस्टरची साक्ष गोऱ्याविरुद्ध घेत नाहीत, हे तिलाही ठाऊक आहे.'

मी पट्टीवरची खळ पुसू लागले. किटलीतलं पाणी आटून ती कोरडी वाजायला लागली तरी पुसतच होते. हेस्टरने किटली खाली ठेवली, हात पुसले.

'नेलबाई,' ती म्हणाली, 'दर नाताळला विचारत होते. आज सप्टेंबरात विचारते. जजसाहेबांचा कागद आला होता का?'

हे मी तुला दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. मामा अनापोलिसला निघाला तेव्हा घोड्यावर बसता बसता त्याने तिला सांगितलं होतं, हेस्टर, नाताळला तुला एक कागद येईल. तो तिला काय देणार होता हे तिला तेव्हापासून माहीत होतं. नाताळच्या सकाळी आईच्या पायाशी विटा गरम करून ठेवताना तिने मला पहिल्यांदा विचारलं. पत्र माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात होतं आणि पुस्तक माझ्या हातात होतं. मी म्हटलं, नाही गं, काही आलं नाही. त्यानंतर तिने पाच नाताळ विचारलं. मग विचारायचं सोडलं.

'आला होता,' मी म्हटलं.

'काय लिहिलं होतं?'

मी सांगितलं. एकोणीस वर्षांत एक शब्द विसरले नव्हते. 'हेस्टरला नाताळापासून मोकळं केलं आहे. दस्त मी आल्यावर नोंदवीन. तू मात्र तिला आजच सांग, म्हणजे तिला माझी वाट बघावी लागणार नाही.'

ती रडेल असं मला वाटलं होतं. शिव्या देईल असंही वाटलं होतं. ती म्हणाली, 'पेरीने खाडीपलीकडच्या घराला दोन खोल्या काढल्या होत्या.'

पेरी तिचा नवरा. तो मोकळा होता, कालवं काढायचा. दर शनिवारी होडीतून येऊन आमच्या मागच्या पायरीवर बसायचा आणि मला म्हणायचा, 'बाईसाहेब, आमची मंडळी आम्हाला परत कधी?' मी हसायचे, त्याला सफरचंदाचं सायडर द्यायचे. १८२९ च्या जानेवारीत बर्फात त्याची होडी चिरडली. त्या दोन खोल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

आता ते सांगते, जे गेल्या महिन्यात 'अचानक आठवलं' असं तुला लिहिलं. विसरले कधीच नव्हते. आईला अर्धांग झाला तो १८१७ च्याच ऑक्टोबरात. तिला उचलायला, कूस बदलायला, भरवायला हेस्टर. मोकळी झाली की ती पेरीकडे जाणार हे दिसत होतं, आणि मग आईजवळ मी एकटी. मी ठरवलं, आई आहे तोवर थांबू. आई नऊ वर्षं जगली. ती गेल्यावर सांगायचं, तर इतकी वर्षं का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. ते धैर्य जमेपर्यंत पेरी गेला, आणि मग सांगायला तोंडच उरलं नाही. फादर महिन्यातून एकदा घोड्यावरून येतात, पाप निवेदनाला मी रांगेत पहिली असते. अधीरता. स्वयंपाकघरात आवाज चढवला. प्रार्थनेत लक्ष नव्हतं.

आणि हेही ऐक, कारण हे तुझ्या घरात बारा वर्षं होतं. तू सही मागितलीस तेव्हा माझ्याकडे मामाची अकरा पत्रं होती. दहा पत्रांच्या सहीमागे कोरा कागद होता. मी अकराव्यावर कात्री चालवली. जाळायची हिंमत नव्हती, देवाने पाहिलं असतं. भेट म्हणून दिलं की देवसुद्धा काय म्हणणार. पुढचा उतारा ठेवून घेतला, मुलांना शिकवायला लागत होता. आणि मग तुझं पत्र आलं, 'सही सुंदर आहे. एक विचारू? ज्यांनी स्वातंत्र्यावर एवढं लिहिलं त्यांनी आयुष्यात एकाला तरी सोडलं का?' त्याला मी उत्तर दिलं नाही आणि तुला नास्तिक फिलाडेल्फियावाली ठरवून बारा वर्षं रुसून बसले. उत्तर तुझ्याच आल्बममध्ये होतं, उलटं चिकटवलेलं.

तर त्या दुपारी मी हेस्टरला म्हटलं, मी कोर्टात उभी राहून सांगेन. तुला शब्द देते.

'शब्द नको,' ती म्हणाली. 'वकीलसाहेब इथंच आहेत, दौत त्या फळीवर आहे. आत्ता लिहून द्या. उद्या तुमचं डोकं दुखेल. परवा फादर येतील. तेरवा क्लेमेंटसाहेब येऊन तुमच्या मांडीवर डोकं ठेवून रडतील. मी तुम्हाला ओळखते, नेलबाई.'

पॉवेल पहिल्यांदाच हसले. 'एलिनॉर, तुझ्या मामाच्या उताऱ्याचा अर्थ या घरात कुणाला तरी कळलाय.'

वीस वर्षं ती मामाच्या खुर्चीमागे मोरपिसांचा पंखा घेऊन उभी होती. अनापोलिसचे, फिलाडेल्फियाचे मोठमोठे लोक त्या टेबलावर राज्य कसं असावं ते मांडत होते आणि ती माश्या वारत होती. मामा म्हणायचा, मोकळेपणा हा उपकार नव्हे, उपकार परत घेता येतो. मग लिहून का नाही ठेवलं तू दोन साक्षीदारांपुढे, मामा? घरापासून कोर्टापर्यंत अर्ध्या दिवसाची वाट होती. तूही चांगुलपणावरच ठेवलंस. माझ्या.

मी लिहून दिलं. 'मला माहीत होतं' या तीन शब्दांपाशी तीनदा लेखणी बदलली. पीस चांगलं होतं.

नेल


क्विन्स क्रीक
६ नोव्हेंबर

प्रिय मोनिका,

त्या दोघी येताहेत. गुरुवारी सकाळी फिलाडेल्फियाच्या धक्क्यावर, बाल्टिमोरमार्गे. फीबीला तुमच्या शिवणवालीकडे जागा आहे असं तू लिहिलंस, त्याबद्दल तुझे आभार मी मानू नयेत, ते मानायचा हक्क माझा नाही. पण कळवायचं मीच आहे.

खटला दोन दिवस चालला. सगळा परगणा आला होता. मी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिले आणि लिहून दिलेलं वाचलं. क्लेमेंटचे वकील बाहेरगावचे होते. त्यांनी विचारलं, बाई, तुमचं शिक्षण कुठं झालं. मी म्हटलं, जॉर्जटाउनला, मठातल्या शाळेत. तिथे खोटं बोलायला शिकवतात का? मागच्या बाकावर कुणी हसलं. मी म्हटलं, नाही, ते मी घरी शिकले. मग त्यांनी विचारलं, अठरा-एकोणीस वर्षं जी बाई खोटं बोलली, ती आज खरं बोलते आहे हे ज्यूरीने कशावरून मानायचं?

उत्तर मला पाठ करून ठेवायला हवं होतं. मी म्हटलं, 'त्या खोट्याने माझी सोय होत होती. या खऱ्याने होत नाही.'

क्लेमेंट तेवढ्यात बसल्या जागेवरून बोलला. जज्जांनी त्याला थांबवलं, पण मी ऐकलं. 'बाबांचा शब्द मोडला तो तू, ताई, आणि गावात नाव खराब झालं माझं.' त्याचं बरोबर होतं. मला त्याच्याकडे बघता आलं नाही.

मग पॉवेलनी ते भोक पडलेलं पत्र ज्यूरीच्या हातात दिलं. वाचून नाही दाखवलं. बारांपैकी सात जणांनी तो उतारा लहानपणी मंडपात म्हटलेला होता, चौघांचा पाठ मीच घेतला होता. पत्र हातोहात फिरताना त्यांचे ओठ हलत होते. ते आत गेले आणि दीड तासात बाहेर आले. हेस्टर १८१७ च्या नाताळापासून मोकळी. फीबी जन्मतः मोकळी.

बाहेर पायऱ्यांवर लोकांनी मला घेरलं. मोनिका, त्यांनी माझं अभिनंदन केलं. डॉक्टरांच्या बायकोने माझे दोन्ही हात धरले, म्हणाली, एवढं धैर्य, एका बाईमाणसात. ज्यूरीचा पुढारी म्हणाला, जजसाहेबांच्या नावाला आम्ही बट्टा लागू दिला नाही. मामाचा शब्द राखला, असं सगळे म्हणत होते. हेस्टर चार पायऱ्या खाली उभी होती. तिला कुणी काही म्हटलं नाही. मीसुद्धा नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी मला खुर्ची आणली आणि मी बसले.

दुसऱ्या दिवशी मुक्तीचा दाखला घ्यायला कारकुनाकडे गेलो. त्याशिवाय आगबोटीवर घेत नाहीत. दाखल्यात माणसाचं वर्णन लिहितात, रंग, उंची, अंगावरच्या खुणा, आणि ओळखणाऱ्या एका गोऱ्या माणसाने खाली सही करायची. पॉवेलना दुसरं काम होतं. मी म्हटलं, मी करते. चाळीस वर्षं ओळखते.

कारकुनाने दौतीत पीस बुडवलं. 'नाव?'

'हेस्टर,' मी म्हटलं.

'पुढे?'

मोनिका, मी तोंड उघडलं आणि तिथे काहीच नव्हतं. तिचा नवरा पेरी. पेरी काय? शनिवारी पायरीवर बसणारा पेरी. बारा वर्षं मी त्याला सायडर दिलं. कारकून पीस धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याने तिला विचारलं नाही, मला विचारलं होतं, आणि ती मी काय सांगते ते ऐकायला थांबली होती.

'किनार्ड,' ती म्हणाली. 'मिसेस हेस्टर किनार्ड. लग्न फादरनीच लावलं होतं, वहीत असेल.'

त्याने लिहिलं. 'अंगावर खुणा?'

'नाहीत,' मी म्हटलं. लगेच म्हटलं, खात्रीने.

तिने डावी बाही वर सरकवली. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा चट्टा, जुना, चकचकीत, हाताएवढा रुंद. कशाने, कारकुनाने विचारलं. 'कामात,' ती म्हणाली. पण मला आठवलं. आईच्या पायाशी ठेवलेली तापलेली वीट गादीतून घसरली होती आणि हेस्टरने ती हातावर झेलली होती. त्या दिवशी गादीला पडलेलं भोक मी पाहिलं होतं, त्यावरून तिला बोलले होते. हात पाहिला नव्हता. ती पंधरा वर्षं माझ्यासमोर बाह्या खाली करून कपबशा मांडत होती.

'खाली सही करा,' कारकून म्हणाला. 'मी या बाईस नीट ओळखते, असं वर लिहिलं आहे.'

माझ्याशिवाय तिथे सही करायला कुणी नव्हतं, आणि सही नसती तर बोट चुकली असती. केली. आयुष्यात खूप खोटं लिहिलं, पण शपथेवर सरकारी कागदात ते पहिलंच.

काल त्या गेल्या. फीबीने जाताना मला नमस्कार केला, तिला मी शिवण शिकवली म्हणून असेल, पोर चांगल्या वळणाची आहे, तिच्या आईने लावलेलं वळण. मी तिला कैची आणि अंगुस्तान देऊ केलं. ती आईकडे बघून म्हणाली, आमच्याकडे आहे.

तू त्यांना माझ्याबद्दल काही विचारू नकोस. त्यांनी काही सांगितलं तर मला कळवूही नकोस. खायला गरम काहीतरी घेऊन जा, बोटीवर त्यांना आत बसू देत नाहीत, डेकवर थंडी फार असते. आणि धक्क्यावर तिला 'हेस्टर' म्हणून हाक मारू नकोस. मिसेस किनार्ड म्हण.

इथे धक्क्यावर मी तशी हाक मारली. बोटीवर चढायची फळी ओढून घेत होते तेव्हा. दोनदा मारली. ती पाठमोरी होती, वळली नाही. माझ्या आवाजात ते नाव तिने कधी ऐकलंच नव्हतं, तिला वाटलं असेल दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. 'हेस्टर' म्हटलं असतं तर वळली असती, सवयीने.

मी म्हटलं नाही.

तुझी
नेल